मथळा नजरेआड होऊ नये

आकडा एकटा असला म्हणजे तो मुकाच असतो. कागदावर नुसते ‘४८’ लिहिलेले दिसले, तर ते गणिताचे गुण, घराचा क्रमांक, वर्गणीचे रुपये की एखाद्या गृहस्थाचे वय, हे कोण सांगणार? त्या आकड्याला अर्थ येतो तो डोक्यावरच्या मथळ्यामुळे आणि डाव्या हाताच्या नावामुळे. या दोहोंपैकी एकाची जरी साथ सुटली, तरी खरा आकडासुद्धा खोटी साक्ष देऊ लागतो. गेल्या काही महिन्यांत आमच्या वाचकांपैकी अनेकांनी, विशेषतः निवृत्तीनंतर सोसायटीचे किंवा मंडळाचे हिशेब अंगावर घेतलेल्या ज्येष्ठांनी, संगणकावरील तक्त्यांविषयी विचारणा केली. त्या सर्वांची तक्रार जवळजवळ एकच होती: “यादी लांब झाली की वरचे मथळे निघून जातात, आणि आपण कोणत्या रकान्यात लिहीत आहोत तेच कळेनासे होते.” हा प्रश्न दिसायला लहान आहे, पण तो तितका लहान नाही, असे आमचे मत असल्यामुळे या वेळचे हे पान त्यालाच देत आहोत.

आपल्या वाडवडिलांना ही अडचण ठाऊक होती आणि त्यांनी तिच्यावर उपायही योजला होता. कीर्द असो वा खतावणी, पान उलटले की नव्या पानाच्या माथ्यावर मथळे पुन्हा लिहावयाचे आणि मागील पानाची बेरीज पुढे ओढावयाची, हा दंडक होता. शाळेतील हजेरीपट घ्या. महिना बदलला की डावीकडे मुलांची नावे नव्याने उतरवली जात आणि वरच्या बाजूस तारखा मांडल्या जात. यात लेखनाचे कष्ट होते खरे, परंतु नजरेला एका वेळी जेवढे पान दिसे तेवढ्या पानाला स्वतःचा माथा असे. संगणकाच्या पडद्याचे तसे नाही. तेथे पान एकच आणि ते जवळजवळ अमर्याद. एक्सेल या प्रचलित प्रणालीच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने सामावतात. एवढ्या मोठ्या पटाच्या अगदी वरच्या ओळीत मथळा आणि आपण मात्र दोनशेव्या ओळीत. मग चूक होण्यास उशीर तो किती?

अशी चूक किती महागात पडू शकते, हे निजामी मुलखातील घरांना निराळे सांगावयास नको. ज्या कुटुंबांच्या जमिनी जुन्या हैदराबाद राज्यात होत्या, त्यांच्या कागदपत्रांत १९५४-५५ सालची खासरा पाहणी हे एक वजनदार पत्रक मानले जाते. तेलंगणातील जमिनीच्या वादांत त्याचा आधार आजही घेतला जातो. त्यात पट्टेदाराचे नाव एका रकान्यात आणि प्रत्यक्ष जमीन ज्याच्या कबजात आहे त्याचे नाव दुसऱ्या रकान्यात. नाव तेच, अक्षरे तीच, शाई तीच. परंतु ते कोणत्या मथळ्याखाली आहे यावर तो माणूस मालक की नुसता वहिवाटदार, हे ठरावयाचे. जुन्या पत्रकाची नक्कल करताना कारकुनाचे बोट एक रकाना इकडे-तिकडे घसरले, तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याची सोय झालीच म्हणून समजावे.

यापेक्षाही आपल्या जिव्हाळ्याचा रकाना म्हणजे ‘मातृभाषा’. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात आले. आणि ज्या शहरात मराठी ही राज्याच्या प्रमुख भाषांपैकी एक होती, त्याच शहरात आपण भाषिक अल्पसंख्य झालो. त्याच सुमारास, सातव्या घटनादुरुस्तीने, राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून घेण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असे ते कलम सांगते. परंतु सोय करावयाची ती किती मुलांसाठी, हे कोठून कळावे? ते कळते नोंदींवरून. शाळेच्या पटावर आणि जनगणनेच्या पत्रकात ‘मराठी’ हा शब्द किती वेळा योग्य मथळ्याखाली पडला, त्यावरून आपले अस्तित्व मोजले जाते.

जनगणनेत मातृभाषा विचारली जाते आणि त्याखेरीज अवगत असलेल्या इतर भाषाही विचारल्या जातात. हैदराबादच्या मराठी माणसाला तेलुगू येते, हिंदी येते, दखनीची तर त्याला लहानपणापासून सवय. या भाषा येणे हे भूषणच आहे. परंतु त्यांची जागा दुसऱ्या रकान्यात आहे. रकाना चुकला की भूषणाचे विस्मरणात रूपांतर होते.

हे केवळ तर्काने म्हणतो आहोत असे नाही. आम्ही विद्यानगरात राहतो. एका बाजूस उस्मानिया विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूस रेल्वेचे स्थानक असा हा आमचा परिसर. येथील परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीच्या शालेय नोंदीत मातृभाषा ‘तेलुगू’ अशी पडलेली आढळली. घरात आजीपासून नातीपर्यंत सर्वांचे बोलणे मराठी. शोध घेता उलगडा झाला तो असा: त्या शाळेच्या पत्रकात ‘मातृभाषा’ आणि ‘द्वितीय भाषा’ हे रकाने शेजारी शेजारी होते. मुलीचे नाव यादीत बरेच खाली. तेथपर्यंत पोहोचेतो पडद्यावरून मथळे केव्हाच निघून गेलेले. नोंद करणाऱ्याने द्वितीय भाषा म्हणून ‘तेलुगू’ हा बरोबर शब्द लिहिला, पण तो एक रकाना अलीकडे. त्यामुळे आधीचा ‘मराठी’ हा शब्द पुसला गेला. लिहिणाऱ्याच्या मनात ना द्वेष, ना हलगर्जीपणाचा हेतू. त्याच्या डोळ्यांपुढे मथळाच नव्हता. दुरुस्तीसाठी मात्र त्या पालकांना अर्ज, पुरावे आणि हेलपाटे हे सर्व करावे लागले. दोन-तीन कळा दाबल्या असत्या तर हे टळते. त्या कळा कोणत्या, ते आता पाहू.

प्रथम थोडा इतिहास. कारण ही सोय काल-परवाची नव्हे. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्डच्या व्यवसाय-व्यवस्थापन शाळेत शिकत असता, फळ्यावर मांडलेल्या तक्त्यातील एक आकडा बदलला की पुढचे सारे पुसून पुन्हा लिहावे लागते, या त्रासातून त्यांना आपोआप गणित करणाऱ्या तक्त्याची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेला ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली ॲपल-२ या संगणकावर आला. त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. उलट त्या संगणकाचा पडदा अवघा ४० अक्षरे रुंद आणि २४ ओळी उंच. मोठा पट आणि लहान खिडकी, अशी ही स्थिती. म्हणून त्या पहिल्याच प्रणालीत मथळे जागच्या जागी खिळवून ठेवण्याची एक स्वतंत्र आज्ञा होती. तिरकी रेघ, मग टी, आणि मग मथळे आडवे, उभे की दोन्ही, ते सांगणारे अक्षर. १९८३ साली आलेल्या ‘लोटस १-२-३’ मध्येही हीच सोय होती. १९८५ साली मॅकिन्टॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर अवतरलेल्या एक्सेलच्या घराण्यात तिला ‘फ्रीझ पेन्स’, म्हणजे चौकटी गोठवणे, असे नाव मिळाले. शोधकर्त्यांना मथळ्याचे मोल पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, एवढे यावरून दिसते.

आता प्रत्यक्ष कृती. वाचकांनी पुढील मजकूर संगणकासमोर बसून वाचावा. नुसत्या वाचनाने पोहणे येत नाही, तसेच हे.

समजा, आपल्या मंडळाची सभासद-यादी आहे. पहिल्या ओळीत मथळे आहेत: नाव, पत्ता, दूरध्वनी, वर्गणी, इत्यादी. ‘ए’ या पहिल्या रकान्यात सभासदांची नावे आहेत. खाली उतरताना मथळे दिसत राहावेत आणि उजवीकडे सरकताना नावे दिसत राहावीत, अशी आपली इच्छा आहे.

पहिली पायरी: कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि होम ही कळ दाबावी. आपण तक्त्याच्या अगदी आरंभी येतो. ही पायरी गाळू नये. कारण पुढे सांगू.

दुसरी पायरी: बाणांच्या कळांनी एक घर उजवीकडे आणि एक घर खाली यावे. आपण आता ‘बी-२’ या चौकटीत आहोत. येथे साऱ्या युक्तीचे मर्म आहे. ज्या चौकटीत आपण उभे असू, तिच्या वरच्या सर्व ओळी आणि तिच्या डावीकडचे सर्व रकाने गोठतात. ती चौकट स्वतः गोठत नाही. म्हणून मथळ्यांच्या खाली आणि नावांच्या उजवीकडे उभे राहावयाचे. हे एक सूत्र ध्यानात राहिले की बाकीचे पाठ करण्याची गरज उरत नाही.

तिसरी पायरी: ऑल्ट ही कळ दाबून सोडावी. मग क्रमाने डब्ल्यू, एफ आणि पुन्हा एफ या कळा दाबाव्यात. त्या एकदम दाबावयाच्या नाहीत. हार्मोनियमवर एकेक स्वर काढावा तशा एकामागून एक दाबावयाच्या. डब्ल्यूने ‘व्ह्यू’ हा विभाग उघडतो, पहिल्या एफने गोठवण्याची यादी उघडते, दुसऱ्या एफने काम होते. मथळ्याखाली आणि नावांच्या शेजारी एक बारीक रेघ दिसू लागते. आता पेज डाउन ही कळ हवी तितक्या वेळा दाबा. नावे वर सरकतील, पण मथळ्यांची ओळ जागची हलणार नाही.

ही बांधणी सोडवावयाची झाल्यास तोच क्रम पुन्हा: ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ. ज्यांना केवळ वरची एक ओळ खिळवावयाची आहे त्यांनी शेवटच्या एफऐवजी आर दाबावा. केवळ पहिला रकाना हवा असेल तर सी दाबावा. या दोन्ही प्रकारांत आपण कोणत्या चौकटीत उभे आहोत याचा प्रश्न येत नाही. ही अक्षरे विंडोजवरील इंग्रजी रचनेच्या एक्सेलमधील आहेत, हे लक्षात असावे. गोठवणी झाल्यानंतर कंट्रोल आणि होम दाबल्यास आपण मथळ्यावर जात नाही, तर गोठलेल्या भागाच्या लगतच्या पहिल्या मोकळ्या चौकटीत, म्हणजे आपल्या उदाहरणात ‘बी-२’ मध्येच येतो. नोंदी करणाऱ्यास हे फार सोयीचे पडते.

येथे तीन ठिकाणी नवशिक्यांची ठेच लागते. पहिली ठेच: ‘ए-१’ या पहिल्याच चौकटीत उभे राहून एफ-एफ केल्यास तिच्या वर काही नाही आणि डावीकडेही काही नाही, मग प्रणाली आपल्याच मनाने पडद्याच्या मध्यावर रेघ ओढते. घाबरून न जाता ती सोडवावी आणि योग्य जागी उभे राहावे. दुसरी ठेच: पत्रक थोडे खाली सरकलेले असताना गोठवणी केली, तर वरच्या ज्या ओळी त्या क्षणी दिसत नव्हत्या, त्या गोठवणी सोडेपर्यंत दिसतच नाहीत. ‘वरच्या दहा ओळी पुसल्या गेल्या’ असा आकांत अनेकदा याच कारणाने होतो. त्या पुसल्या गेलेल्या नसतात, रेघेच्या आड दडलेल्या असतात. आर या कळेचेही तसेच. ती पडद्यावर त्या वेळी दिसणारी सर्वांत वरची ओळ गोठवते, मग ती विसावी का असेना. पहिली पायरी गाळू नये म्हणून आम्ही बजावले ते यासाठी. तिसरी ठेच: ‘पेज लेआउट’ या छपाईच्या दृश्यात ही सोय चालत नाही. अशा वेळी आधी ‘नॉर्मल’ दृश्यात यावे.

आपल्यासारख्या बहुभाषिक शहरात मथळ्यांच्या दोन ओळी ठेवणे आम्हांस इष्ट वाटते: वरती मराठी, तिच्याखाली इंग्रजी किंवा तेलुगू. कार्यकारिणीतील तरुणांना कदाचित मराठी भरभर वाचता येत नसेल; ज्येष्ठांना इंग्रजी मथळे नकोसे वाटत असतील. दोघांचीही सोय व्हावी. अशा तक्त्यात ‘बी-३’ मध्ये उभे राहून गोठवणी केली की दोन्ही ओळी खिळतात. तक्त्याच्या माथ्यावर मंडळाचे नाव आणि वर्ष यांची आणखी ओळ असेल तर ‘बी-४’. सूत्र तेच. मात्र वर फार ओळी गोठवू नयेत. लहान पडद्यावर निम्मी जागा मथळेच अडवून बसतील आणि यादीला पाय पसरावयास वाव उरणार नाही.

दुसरा एक मार्ग आहे, तोही सांगून ठेवतो. यादीतील कोणत्याही चौकटीत उभे राहून कंट्रोल आणि टी दाबावे. माझ्या तक्त्यास मथळे आहेत काय, असा प्रश्न येतो. तेथे खूण करून एंटर दाबावे. यादीचे रीतसर ‘टेबल’ बनते. मग आपण त्या टेबलाच्या आत असेतो, खाली सरकताना वरच्या ए, बी, सी या अक्षरांच्या जागी आपले मथळेच दिसू लागतात. गोठवणीची वेगळी गरज राहत नाही. नावांचा रकाना मात्र याने खिळत नाही. त्यासाठी पहिलाच मार्ग.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. पडद्यावर मथळे गोठवले म्हणून कागदावरही ते प्रत्येक पानावर येतील, असे नाही. वार्षिक सभेत वाटलेल्या अहवालाच्या दुसऱ्या पानापासून नुसते आकडेच आकडे, असा अनुभव अनेकांना असेल. छपाईसाठी ऑल्ट, पी, आय या कळा क्रमाने दाबून जी खिडकी उघडते, तीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा छापावयाच्या ओळी कोणत्या, ते नोंदवावे. जुन्या खतावणीचा दंडक येथे यंत्र पाळते.

ज्यांच्याकडे मॅकिन्टॉश आहे किंवा जे फोनवर काम करतात, त्यांनी अक्षरांच्या नादी न लागता ‘व्ह्यू’ विभागात ‘फ्रीझ पेन्स’ शोधावे. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये आणि गूगलच्या पत्रकातही ही सोय ‘व्ह्यू’ याच यादीत आहे. गूगलमध्ये एक ओळ, दोन ओळी असे सरळ विचारले जाते.

मथळा गोठवल्याने सर्व संकटे टळतात असे मात्र समजू नये. केवळ नावांचा रकाना निवडून तो अकारविल्हे लावला आणि शेजारच्या रकान्यांना तसेच ठेवले, तर जोशींची वर्गणी कुलकर्ण्यांच्या नावावर जाते आणि वरचा मथळा ते निमूटपणे पाहत राहतो. अशा वेळी प्रणाली सावधगिरीचा प्रश्न विचारते. तो न वाचता पुढे जाऊ नये, आणि निवड विस्तारण्याचा पर्याय घ्यावा. तसेच मथळा स्वतः मोघम असेल तर तो दिसत राहूनही उपयोग नाही. ‘तारीख’ असा मथळा असलेल्या रकान्यात ०३-०४-२०१२ ही नोंद आपल्याकडे तीन एप्रिल आणि अमेरिकेतील मुलाच्या घरी चार मार्च वाचली जाईल. म्हणून ‘जन्मतारीख (दिवस-महिना-वर्ष)’ असे लिहावे. ‘रक्कम’ लिहू नये. ‘येणे वर्गणी, रुपये’ असे लिहावे. ‘भाषा’ लिहू नये, ‘मातृभाषा’ लिहावे.

आमच्या वर्गातील मुलांना आम्ही जसा स्वाध्याय देतो, तसाच वाचकांना देतो. भिशीचा हिशेब, गणेशोत्सवाची वर्गणी, कुळाची वंशावळ किंवा घरातील पुस्तकांची सूची, यांपैकी जी यादी पडद्यावर एका पानात मावत नाही ती उघडावी. मथळे नीट लिहावेत, ते खिळवावेत, आणि मग शेवटच्या ओळीपर्यंत उतरून तेथील प्रत्येक चौकट वर पाहत पाहत तपासावी. घरातील नातवंडांना जवळ बसवावे. त्यांची बोटे आपल्याहून चपळ असतात, आणि ‘आडनाव’, ‘मूळ गाव’, ‘मातृभाषा’ हे मथळे वाचून त्यांखाली काय लिहावयाचे हे त्यांनीही एकदा विचारावे, अशी आमची इच्छा आहे. शाळेकडून नोंदींची प्रत मिळाली तर तीही मथळ्यानिशी वाचून पाहावी, आणि मातृभाषेच्या रकान्यापाशी क्षणभर थांबावे.

पुढील अंकी, बेरीज आपोआप होत असताही ती का पडताळून पाहावी, याविषयी लिहू.